नखाएवढी पांढरी रेघ

१

रविवारच्या सकाळची तिची तीन कामं ठरलेली होती. आधी कॉमिकांचं कपाट कोरड्या फडक्यानं पुसायचं, मग कपाटातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या तोलायच्या, आणि शेवटी मुंगीला मांडीवर घेऊन तिची नखं कापायची. नखं शेवटी, कारण मुंगी एकदा मांडीवर बसली की उठायचं नाव घेत नसे.

मुंगी ही तिची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा दोन किलोलाही जरा कमीच भरली, म्हणून बापानं हे नाव ठेवलं. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. पहिले चार महिने आईनं तिला डोळ्यांत तेल घालून जपलं आणि ती सवय पुढे सुटलीच नाही. पोर शिंकली तरी ही रात्रभर उशाशी बसायची. नवरा म्हणायचा, "तू पोर वाढवत नाहीस, पहारा देतेस."

कॉमिकं नवऱ्याची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बाजारातल्या एका जुन्या इमारतीची लिफ्ट आठवड्याला अडायची, आणि तिथेच तिसऱ्या मजल्यावर जुन्या कॉमिकांचं दुकान होतं. दुकानदार जाड भिंगांचा, म्हणून घरात त्याला चष्मेवाला म्हणत. त्यानं चहा पाजता पाजता नवऱ्याच्या डोक्यात भरवलं की पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं पोरांचं कॉमिक न फाटलेलं, न चुरगळलेलं मिळालं तर ते पंधरा वर्षं नुसतं सांभाळायचं. पोरांनी चाळून चाळून बहुतेकांचा चोथा केला, उरली ती आयांनी रद्दीत घातली. म्हणून जे चार-दोन शिल्लक आहेत त्यांना राजाचा भाव.

"ज्यांनी वाचली त्यांच्या हातात धुपाटणं," नवरा सांगायचा. "आणि ज्यांनी हात लावला नाही त्यांची घरं झाली."

"मग काढणाऱ्यानं एवढी चित्रं काढली कशाला?" तिनं एकदा विचारलं.

"तुझ्यासारख्यांना प्रश्न पडावेत म्हणून."

कपाटात नऊ कॉमिकं होती. आठ साध्या पारदर्शक पिशव्यांत उभी. नववं मात्र कडक प्लास्टिकच्या चपट्या पेटीत, चारी कडांनी वितळवून बंद केलेलं, वर प्रतीच्या गुणांची चिठ्ठी: दहापैकी साडेआठ. सहा वर्षांची शिल्लक या एका पेटीत गेली होती, तिच्या शिलाई मशीनसाठी ठेवलेलं धरून. मुखपृष्ठाच्या चित्रात पिवळं घर, बंद दार, आणि दाराशी लाल कोटातली एक लहान मुलगी पाठमोरी उभी, हात कडीकडे गेलेला. मालिकेचा हा पहिला अंक होता आणि दुसरा कधी निघालाच नाही.

ही पेटी त्यांनी मुंगीच्या नावावर घेतली, तिच्या पाचव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी. अठराची झाली की विकून पुढचं शिक्षण करायचं, असा बेत. चष्मेवाल्यानं पेटीच्या पाठीवर एक कागद डकवला. त्यावर मालकाचं नाव, जन्मतारीख आणि सही.

"ती कुठे सही करते?" आई हसून म्हणाली. "तिला अजून धड क काढता येत नाही."

"मग अंगठा चालेल की वहिनी," चष्मेवाला म्हणाला, आणि त्यानं शाईचा डबा पुढे केला.

मुंगीला मज्जा वाटली. तिनं अंगठा शाईत बुडवून कागदावर चांगला दाबून धरला. नखात अडकलेली निळी शाई आईला घरी आल्यावर काडीनं काढावी लागली.

२

त्यानंतरच्या रविवारी नखं कापायला काही नव्हतं.

तिनं मुंगीचा हात उजेडात धरला. मागच्या रविवारी कापली होती तशीच, बोटाला चिकटून. पायाचीही तशीच.

"नखं खातेस का गं?"

"नाही," मुंगी म्हणाली.

"खरं सांग, रागावणार नाही."

"पायाची कशी खाऊ? तोंड पोचत नाही." आणि तिनं खरोखरच अंगठा तोंडापर्यंत आणून दाखवायचा प्रयत्न केला आणि कोलमडली. दोघी हसल्या. आईनं नेलकटर परत डब्यात टाकलं आणि मनाशी म्हणाली, आठच दिवस तर झालेत.

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. तिनं मुंगीच्या नखांना नेलपॉलिशसारखं बसणारं कडू औषध चोपडलं. मुंगीनं बोट चाटून तोंड वेडंवाकडं केलं, पण नखं होती तशीच राहिली. औषध तीन आठवडे तसंच दिसत राहिलं, नखाच्या मुळाशी लावलं होतं तिथेच. एरवी नख पुढे सरकतं तसं ते पुढे सरकलं नाही.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता.

"लोकांची पोरं नखं वाढवून ओरबाडतात म्हणून आया रडतात," तो म्हणाला. "तुझी ओरबाडत नाही म्हणून तू रड."

तिला हसू आलं. हसू आलं म्हणून तेव्हा ती गोष्ट तिथेच राहिली.

३

ती घरी बसून शर्टाच्या बटणांच्या पिशव्या भरायची. कारखान्यातून बटणं पोत्यानं यायची. एका पिशवीत एकशे चव्वेचाळीस घालायची. एकेक मोजत बसलं तर दिवस पुरायचा नाही, म्हणून तोलून भरायची. त्यासाठी कारखान्यानं छोटा काटा दिला होता, ग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवणारा. एक बटण कमी पडलं तरी काटा चुगली करायचा. पुड्याही ती त्याच काट्यावर तोलायची. पुडी जड झाली म्हणजे ती ओल प्याली, मग ती मंद आचेवर वाळवायची.

हातात आलेली वस्तू काट्यावर ठेवायची तिला खोडच लागली होती. नववं कॉमिक आलं त्या दिवशी तिनं पेटीही ठेवली होती. नवरा म्हणाला होता, "भाजी आहे का ती?" पण तिनं कपाटाच्या दाराच्या आतून, पुड्यांच्या वजनांखाली, पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: दोनशे एक्केचाळीस पूर्णांक सहा.

अडीच महिन्यांनी पुड्या तोलताना पेटी जवळच पडली होती, म्हणून ठेवली. दोनशे चव्वेचाळीस भरली.

तिनं पेटी पुसून पुन्हा ठेवली. दोनशे चव्वेचाळीस. काटा बिघडला असेल म्हणून बटणांची भरलेली पिशवी ठेवली, ती अचूक. ओल असेल म्हणून बाकीची आठ कॉमिकं एकेक करून तोलली. ती पिशव्यांत होती, उघड्या तोंडाची. ओल शिरायचीच तर आधी त्यांच्यात शिरायला हवी. दाराच्या आतून लिहिलेल्या जुन्या आकड्यांपासून आठांच्या वजनात काडीचा फरक नव्हता. बंद पेटीतलं एकटंच जड झालं होतं.

मग तिला काय वाटलं कोण जाणे, आठांपैकी एकातून सुटलेलं एक पान पिशवीच्या तळाशी होतं, ते तिनं चिमट्यानं काट्यावर ठेवलं. दोन पूर्णांक चार. पेटी नेमकी तेवढीच जड झाली होती.

चष्मेवाल्याला तिनंच फोन केला.

"हवेचा दमटपणा, वहिनी," तो म्हणाला. "कागदच तो, पितो थोडा."

"पण पेटी तर वितळवून बंद केलीय."

"म्हणूनच सांगतो, उघडू नका. सील तुटलं की मग ती नुसती रद्दी. माझ्याकडेसुद्धा आणू नका." थोडं थांबून त्यानं विचारलं, "मुलगी बरी आहे ना?"

"का हो?"

"काही नाही. तिच्या नावावर आहे ना, म्हणून विचारलं."

माणूस सहजही विचारतो. तिनं स्वतःला तसंच सांगितलं. पण त्या दिवसापासून मुंगी शाळेत गेली की दुपारी बटणं भरता भरता ती मधेच हात थांबवून ऐकत बसायची. बटणांचा आवाज थांबला की घर अगदी गप्प व्हायचं. आणि त्या गप्पपणात आतल्या खोलीतून, कपाटाकडून, कधीतरी एखादा बारीक आवाज यायचा. झाडाचं पान घासावं तसा. फार तर एकदा. उंदीर म्हणावा तर उंदीर एकदाच कशाला आवाज करेल?

४

खालच्या मजल्यावर एक काकू राहायच्या. त्यांची नात ठकी मुंगीपेक्षा आठ महिन्यांनी लहान. मुंगीला तोकडे झालेले कपडे आईनं धुऊन, घडी घालून ठकीला द्यायचे, हा दोन घरांतला जुना रिवाज. काकू प्रत्येक वेळी "कशाला गं" म्हणायच्या आणि घ्यायच्या.

त्या दिवशी काकू जिना चढून वर आल्या, हातात पिशवी. धाप जिरवून म्हणाल्या, "राग मानू नकोस. ठकीचे तीन फ्रॉक आहेत. तिला आखूड झाले. मुंगीला होतील."

तिनं पिशवी घेतली. त्यातला एक फ्रॉक तिनंच दिलेला होता. मागच्या वर्षी, मुंगीला लवकरच आखूड होईल म्हणून, न घालताच. तो मुंगीला अंगात बेतून शिवल्यासारखा बसला.

"आमची ठकी म्हणजे ताड," काकू म्हणाल्या. "दातसुद्धा हलायला लागलाय. हिचा?"

"अजून नाही."

"होईल गं. मुलं थांबतात आणि मग एकदम उडी मारतात. माझा धाकटा दहावीपर्यंत बेंचावर दिसायचा नाही, आता दारातून वाकून येतो."

काकू गेल्यावर तिनं मुंगीला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकवून उभं केलं. दर वाढदिवसाला तिथे पेन्सिलीची रेघ ओढायची पद्धत होती. पाचव्या वाढदिवसाची रेघ मुंगीच्या डोक्याला लागून होती. वर नाही, खाली नाही. वाढदिवसाला सहा महिने होऊन गेले होते.

"आई, ठकी म्हणते मी बाळ आहे," मुंगी म्हणाली.

"तिला म्हणावं, तू असशील बाळ."

"पण ती मला उचलते."

तिनं मुंगीचे बूट पायात घालून पुढचं टोक दाबून पाहिलं. बोटं टोकापर्यंत आली नव्हती. वाढदिवसाला घेतले तेव्हा होती तेवढीच जागा उरली होती. एक नंबर मोठा जोड स्वस्तात मिळाला म्हणून तिनं तेव्हाच घेऊन फळीवर ठेवला होता. तो डब्यात तसाच होता, आत चुरगळलेला कागद कोंबलेला. इतके दिवस तिला वाटत होतं, पोर बूट किती जपून वापरते.

त्याच दुपारी तिनं पेटी कपाटातून काढून खिडकीपाशी नेली आणि कडेनं पाहिली. पेटी पारदर्शक, त्यामुळे पानांच्या कडा दिसायच्या. साठ वर्षांच्या कडा, बिस्किटासारख्या तपकिरी. पण मागच्या बाजूला, शेवटच्या पानांजवळ, एक रेघ पांढरी होती. कोरी पांढरी, बारीक. वाढलेल्या नखाची कड असते ना, तशी.

तिनं पुन्हा नीट पाहिलं. एक नव्हे, दोन होत्या.

काट्यावर पेटी दोनशे शेहेचाळीस पूर्णांक चार भरली.

५

डॉक्टरीणबाईंनी मुंगीचं वजन केलं, उंची मापली, जीभ पाहिली.

"ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज मापता का हिला?"

ती मुंगीच्या फ्रॉकचं बटण लावू लागली.

"रोज मापलं तर झाडसुद्धा वाढत नाही. तीन महिन्यांनी आणा."

तीन महिन्यांनी वजन तेवढंच, उंची तेवढीच. बाईंनी दोन्ही आकडे एकाशेजारी एक ठेवून पाहिले आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. त्यानं बाईंच्या कपाळावरची आठी मात्र गेली नाही.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, "गुणी आहे हो. तक्रार म्हणून नाही सांगत. फक्त वर्षाच्या सुरुवातीला काढायची तसाच क काढते. तस्सा. वहीची दोन पानं एकावर एक ठेवली तर एकच क दिसेल."

ती घरी येऊन नवऱ्याशी बोलली. रेघा, बूट, नखं, पेटीचं वजन, सगळं एका दमात. तो पाने-पकडी पुसून पिशवीत भरत होता. त्यानं मान वर केली नाही.

"तू म्हणतेस काय नेमकं?"

"मी काहीच म्हणत नाही. हिचं थांबलंय आणि त्याचं वाढतंय, एवढं दिसतंय."

"तिच्या शिक्षणाची एवढी एकच तरतूद आहे आपली. एकच. तू ती पेटी फोडलीस तर उद्या तिला काय देणार? बटणं?"

ती उठून बटणांच्या पोत्याकडे गेली. तोही मग उठून गेला. पण चार दिवसांनी त्यानंच तिला हाक मारली. "इकडे ये, बघ. चौकटीवर बघ."

जुन्या रेघेच्या बोटभर वर नवी रेघ होती.

"सकाळी मापली मी," तो म्हणाला. "उगाच जीव टांगून घेतेस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो कामाला गेला. मुंगी शाळेतून आली तशी तिनं तिला उचलूनच चौकटीपाशी नेलं, टाचा चौकटीला लावल्या, डोक्यावर सपाट पट्टी धरली. पट्टी जुन्या रेघेवर टेकली. नवी रेघ बोटभर वर, कुणाच्याच डोक्याला न लागता नुसती होती.

संध्याकाळी त्याला विचारलं तेव्हा तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला.

"तुला झोप लागावी म्हणून," तो म्हणाला.

म्हणजे त्यानंही मापलं होतं. मग त्याला झोप लागत होती का, हे तिनं विचारलं नाही.

६

दहावा महिना चालू होता. पेटी आता दोनशे एक्कावन्न पूर्णांक दोन भरत होती, आणि पांढऱ्या कडा चार झाल्या होत्या.

एका सकाळी नवरा डबा घेता घेता म्हणाला, "उद्या पेटी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो. चष्मेवाल्यानं सांगितलंय. भाव चढलाय म्हणे, घरात ठेवणं बरं नाही."

"किती दिवस?"

"दिवस काय? बारा वर्षं. ती अठराची होईपर्यंत."

"आणि नाही झाली तर?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याच्याजवळ विनोद नव्हता. "किल्ली माझ्याकडे राहील," एवढंच म्हणाला आणि गेला. जिन्यावर त्याची पावलं दोनदा थांबली. पण तो परत आला नाही.

ती बटणं घेऊन बसली. एकशे चव्वेचाळीस, एकशे चव्वेचाळीस. लॉकर म्हणजे लोखंडी कप्पा. तिथे कुणी काटा घेऊन जाणार नाही, कडा बघणार नाही. वर्षं जातील. ठकी दहावीला जाईल, ठकीचं लग्न होईल, आणि चौकटीपाशी मुंगी, तोच क काढत, तेच बूट घालून. तिला स्वतःचे हात दिसले, म्हातारे, सुरकुतलेले, मांडीवर तीच पाच वर्षांची पोर, आणि डब्यात न लागणारं नेलकटर.

दुसरीकडे हेही होतं की ती वेडी असेल. पोर निरोगी आहे असं डॉक्टर सांगतात, कागद ओल पितो असं दुकानदार सांगतो. ती खोटी ठरली तर एका घावात पोरीचं शिक्षण बुडालं आणि नवऱ्याचा विश्वासही गेला. सहा वर्षं डबा बांधून, बस सोडून पायी चालून साठवलेलं ते सगळं एका रद्दीचं होईल, तेही आईच्या हातून.

ती उठली. नवऱ्याच्या जुन्या पिशवीतला चपटा स्क्रूड्रायव्हर काढला, पेटी काढली आणि बाहेरच्या खोलीत फरशीवर बसली. मुंगी शाळेतून आली होती, पलीकडे चटईवर बूट न काढताच आडवी झाली होती.

"आई, काय करतेस?"

"तुझी वस्तू तुला देते."

प्लास्टिक सहजी तुटेना. कडेत टोक घालून पिळलं तेव्हा हाड मोडावं तसा आवाज झाला आणि एक फट पडली. आतून वास आला. जुन्या कागदाचा येईल असं तिला वाटलं होतं. पण तो मुंगीच्या केसांचा होता, उन्हातून खेळून आल्यावर येतो तो.

तिनं दोन्ही हातांनी पेटी फाडली.

७

जुनी पानं तिनं पाहिलीच नाहीत. मागून उघडलं. चार पानं कोरी करकरीत पांढरी, पण रिकामी नव्हती. त्याच जुन्या जाड शाईच्या रेघांनी चित्रं काढलेली होती. पहिल्या चौकोनात एका बाईच्या मांडीवर लहान मुलगी, पाठमोरी, लाल कोटातली. बाई तिची नखं कापत होती. शेजारी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर कापलेली नखं, एकेक नीट काढलेली. बाईच्या तोंडातून बोलण्याचा फुगा निघाला होता आणि तो रिकामा होता. पुढच्या चौकोनात चौकट, तिच्यावर रेघा. पुढच्यात फळीवरून बूट काढणारे हात.

हे रविवार तिचे होते. न झालेले.

तिनं पुढे पाहिलं नाही. पाहायचा धीर झाला नाही आणि आपण पाहायचं नाही असंही कुठेतरी वाटलं. ज्याचं त्यानं उघडावं. तिनं ते कॉमिक मुंगीच्या मांडीवर ठेवलं.

"ही चार पांढरी पानं बघ. सावकाश. एकेक."

"हात लावू? बाबा म्हणतात हात लावायचा नाही."

"लाव. बोट ओलं करून लाव. तुझंच आहे."

मुंगीनं बोट चाटलं आणि पान उलटलं. चित्रांवरून बोट फिरवत राहिली. मधेच खुदकन हसली, जणू फुग्यात काही लिहिलेलं होतं. दुसरं पान. तिसरं. आई तिच्या तोंडाकडे बघत होती. चौथं पान उलटलं आणि मुंगीनं पाय हलवला.

"आई, बूट लागतोय."

"काय म्हणालीस?"

"बूट लागतोय. पुढे, अंगठ्याला."

तिनं झटकन बुटाचं टोक दाबलं. बोटं टोकाला भिडली होती, वाकून बसली होती. हात ओढून पाहिला. नखं चांगली बोटाबाहेर आलेली. तिनं त्या घाणेरड्या नखांचे मुके घेतले. मुंगी म्हणाली, "सोड ना, मला बघू दे," तरी सोडवेना.

"थांब, माझ्या राणी. नवे बूट आहेत तुला. वर ठेवलेत मी, आत्ता आणते."

ती स्वयंपाकघरात पळाली, स्टूल ओढलं, चढली. फळीवर डबे मागेपुढे झाले होते. संध्याकाळी तो येईल, रागावेल, चार दिवस बोलणार नाही. न बोलू दे. ती त्याला चौकटीपाशी नेईल आणि त्याचीच खोटी रेघ दाखवेल, पोरीच्या डोक्याला लागलेली.

बाहेरून पानाचा आवाज आला.

तिनं डब्यातला चुरगळलेला कागद उपसून काढला. परत पहिल्यापासून बघत असेल. पोरांना तेच तेच आवडतं.

पुन्हा एक पान. मग लगेच आणखी एक.

ती स्टुलावर तशीच उभी राहिली. जुनं पान उलटताना कुरकुरतं, कडा मोडते. हा आवाज तसा नव्हता. सळसळीत, कोऱ्या कागदाचा होता. मागे उलटत असेल, पुढे उलटत असेल, पण कोरी पानं चारच. तिनं स्वतः तोलली होती. दोन पूर्णांक चार, चार वेळा. तिचा काटा एका बटणानं चुकत नव्हता.

पाच. सहा. सात. पानं आता भराभर उलटत होती, गोष्टीत जीव अडकल्यावर उलटतात तशी. मधेच शिवण उसवल्यासारखा एक आवाज झाला आणि काहीतरी फरशीवर आपटून घरंगळलं.

"मुंगे?"

पान उलटलं.

"मुंगे, बास आता. उरलेलं उद्या."

ती स्टुलावरून उतरली. स्वयंपाकघराच्या दारातून बाहेरच्या खोलीतली चटईची फक्त कड दिसायची. कडेशी एक बूट पडला होता, पुढून फाटलेला. त्याच्या पलीकडे चटईवर एक पाऊल आरामात आडवं टाकलेलं होतं. लांब पाऊल, घोट्याचं हाड वर आलेलं. नखं वाढलेली, किती रविवार कुणी कापली नसतील अशी.

तिनं हातातले बूट छातीशी धरले. एकच नंबर मोठे होते.

"आई, थांब ना," खोलीतून एक बाईमाणसाचा आवाज म्हणाला, मायेनं, जरा वैतागून. "संपतच आलंय."

आणि पान उलटलं.